माझं डावं बटण चिकटत नाही

या रविराजला काय म्हणावं? ओठावर मिसरूड फुटलं, बारावीचे पेपर देऊन झाले, तरी खोटं बोलायची एक बारीक खोड अजून सुटली नाही. परवा घर रंगवायला काढलं म्हणून त्यानं माळा आवरला आणि बुटांच्या खोक्यातून मला बाहेर काढलं. शेजारची हर्षाली दारात उभी होती. आठ वर्षांची पोर. तिनं विचारलं, "दादा, हे मला देतो का खेळायला?" तर हा काय म्हणाला? "नको गं, ती खराब आहे. तिचं डावं बटण चिकटतं."

माझं बटण चिकटतं! चार वर्षं झाली, हा माझ्या नावावर हेच खपवतोय. बोलायला तोंड नाही म्हणून कुणीही काहीही सांगावं का?

मित्रांनो, मी जॉयस्टिक आहे. जुनी झाले, पण टाकाऊ नाही. टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळताना हातात धरतात ना, ती मी. दोन बाजूंना दोन शिंगं, मधे बटणं आणि मागं लांब वायर. मी शिकलेली नाही. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत काहीबाही छापलंय, ते माझं मलाच वाचता येत नाही. पण मला अंगठा ओळखता येतो. अंगठा घाबरला की गार पडतो, लबाडी करायची असली की घामेजतो. म्हणून मी जे सांगते ते पहिल्यापासून ऐका आणि खरं कोण, खोटं कोण, तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठला ते नक्की सांगता येणार नाही. लांबच्या देशात एक कारखाना होता, हातमोजे घातलेल्या बायका ओळीनं बसलेल्या होत्या, एवढं आठवतं. एकीनं माझ्या पोटात छोटीशी मोटर बसवली. गेममध्ये काही कोसळलं किंवा आदळलं की ती मोटर फिरते आणि मी खेळणाऱ्याच्या हातात थरथरते. माझी जीभ म्हणाल तर तेवढीच. शेवटच्या बाईनं माझं एकेक बटण दहा-दहा वेळा दाबून पाहिलं आणि पोटावर हिरवा गोल कागद चिकटवला. पास! मी जन्मात एकच परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. रविराजच्या गणिताची गोष्ट मी इथं काढत नाही.

नाशकात आले ती गंगापूर रोडला, एका कंपनीच्या साहेबांच्या घरी. साहेबांच्या मुलाची खोली गार, गादी मऊ, पण त्या नोकरीत मन रमलं नाही. गेममधली माणसं बोलायला लागली की हा मुलगा बटण दाबून त्यांना पुढं पळवायचा. त्याला नुसती हाणामारी हवी असायची. हरला की दोष माझा. दोन वर्षांत त्यानं मला तीनदा भिंतीवर आपटलं. मग तो शिकायला परदेशी गेला. दोन हजार चारची दिवाळी होती. साहेबांनी गेमचा डबा, सीड्या आणि मला एका पिशवीत घातलं आणि कंपनीतल्या कारभारी नावाच्या कामगाराला म्हणाले, "घेऊन जा, तुझ्या मुलाला होईल."

कारभारी अंबडला लेथवर काम करायचा. कंपनीपासून सायकलनं दहा मिनिटांवर त्याचं दोन खोल्यांचं घर. घरात तो, त्याची बायको मीना, मुलगा रविराज आणि आई अक्काबाई. पण घरातला खरा मान टीव्हीला. टीव्ही शहाण्णव सालचा, कारभारी कंपनीत कायम झाला त्या वर्षीचा. अक्काबाईनं त्याला हळदकुंकू वाहून घरात घेतला होता. त्याच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर पितळेचा मोर. तो पुसायचा अधिकार फक्त तिचा.

मी पिशवीतून बाहेर आले तशी ती म्हणाली, "हे काय आणलं रे खेकडं?"

"आजी, जॉयस्टिक आहे. गेम खेळायची."

"माझ्या टीव्हीला लावायचं नाय. गेमनं ट्यूब जाते."

त्या काळी गल्लीतल्या घराघरांत लोक हेच म्हणायचे. व्हिडिओ गेम लावला की टीव्हीची ट्यूब जाते. कुणाची गेली ते विचारलं तर नाव कुणालाच सांगता यायचं नाही. तरी रविराजनं जेवण सोडलं, मीनानं मधे शब्द टाकला, तेव्हा फक्त रविवारी अर्धा तास, एवढी सवलत मिळाली. पण अक्काबाईनं मला खेकडं म्हणायचं काही सोडलं नाही. मी मनात म्हणायची, म्हण बाई, तुझ्या टीव्हीत जीव ओतते ती मीच.

एक वर्ष तसंच गेलं. सीड्या दोन होत्या. एक गाड्यांची. दुसरी एका उडणाऱ्या माणसाची, तो निळं पांघरूण खांद्याला बांधून शहरभर लोकांना वाचवत फिरायचा. रविराज त्याला निळोबा म्हणायचा. पण त्या गेमची तऱ्हा वेगळी होती. मारामारी थोडी, बोलणं फार. पदोपदी गेम थांबायचा आणि विचारायचा, आता काय करू? खाली इंग्रजीत दोन वाक्यं यायची. डावं बटण दाबलं तर पहिलं, उजवं दाबलं तर दुसरं. वर एक पिवळी पट्टी सरसर कमी होत जायची. ती संपायच्या आत ठरवायचं. नाही दाबलं तर गप्प बसला असं धरायचं आणि गोष्ट पुढं जायची. तुम्ही काय दाबलं ते गेम विसरायचा नाही. पाच दिवसांनी, दहा दिवसांनी कुणीतरी येऊन त्याची आठवण करून द्यायचंच. रविराजचं इंग्रजी कच्चं. तो डोळे मिटल्यासारखा काहीही दाबायचा. त्या वर्षी निळोबानं किती भलत्या लोकांना भलतं उत्तर दिलं, त्याचा हिशोब नाही.

मग दोन हजार पाचच्या जूनमध्ये ज्योत्स्ना आली. कारभारीची बहीण कुसाबाई वणीकडच्या खेड्यात दिलेली, तिची ही लेक. दहावीला शाळेत पहिली. रक्त तपासतात त्या प्रयोगशाळेत काम करायचं, असं तिनं ठरवलेलं. त्यासाठी अकरावी सायन्स हवं. गावाकडं जवळ सायन्सचं कॉलेज नव्हतं, म्हणून मामाच्या घरी राहायला आली. एक पत्र्याची पेटी, एक जाड डिक्शनरी आणि सगळ्यांशी हळू बोलायची सवय, एवढंच घेऊन.

पहिल्याच रविवारी ती रविराजच्या मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे रव्या, तो म्हातारा मदत मागतोय. तू त्याला 'माझ्या वाटेतून हो' म्हणालास."

"मला काय माहीत? तू वाच ना मग, ताई."

त्या दिवसापासून रीत ठरली. ज्योत्स्ना वाचायची, मराठीत सांगायची, रविराज दाबायचा. आणि मित्रांनो, मला तेव्हा कळलं की माझा जन्म कशासाठी झाला होता. साहेबांच्या मुलानं ज्या माणसांना पुढं पळवलं, ती माणसं काय बोलत होती ते मी तीन वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं. निळोबाला एक आई होती. मुलगा उडतो हे तिला माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी ती ताट वाढून बसायची. हा जेवायला बसला की बाहेर कुठंतरी भोंगा वाजायचा. गेम विचारायचा, जेवू की जाऊ? रविराजचा अंगठा मोठा शूर, तो दरवेळी 'जाऊ' दाबायचा. आई ताटावर झाकण ठेवायची. बस्स, एवढंच दाखवायचे.

अक्काबाई लसूण सोलायच्या निमित्तानं खोलीत बसू लागली. तोंड भिंतीकडं, कान इकडं. तिसऱ्यांदा ताट झाकलं तेव्हा तिला राहवलं नाही.

"अरे, दोन घास खाऊन तरी जा म्हणावं त्याला!"

"आजी, तिकडं क्रेन पडतीये."

"पडू दे. आईनं काय पाप केलं?"

"मग पुढच्या वेळी जेवू द्यायचं का?"

"मला काय इचारतो? मी नाय बघत तुमचा खेळ." असं म्हणाली आणि पाट टीव्हीकडं वळवून बसली. अर्ध्या तासाचा एक तास झाला, रविवारच्या जोडीला बुधवार आला. वेळ वाढवून कुणी दिला ते विचारू नका.

श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी निळोबाच्या आईनं ताट वाढलंच नाही. ती त्याच्यासमोर बसली आणि काहीतरी म्हणाली. ज्योत्स्नानं वाचलं, "रोज कुठं जातोस? मला खरं सांग." खाली दोन वाक्यं आली. "डावीकडं आहे, मी उडतो, मी लोकांना वाचवतो. उजवीकडं, मित्राकडं जातो. रव्या, दाब."

पिवळी पट्टी कमी होऊ लागली. रविराजचा अंगठा माझ्या डाव्या बटणावर होता. तो गार पडला. दाबेना, उचलेना. बेधडक क्रेनकडं उडणाऱ्या पोराला आईसमोर काय झालं कोण जाणे. पट्टी संपली. आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"मुका झाला का मेला?" अक्काबाई कडाडली. "आईला उत्तर द्यायला जीभ नाय?"

रविराजचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मी दाबलं होतं. बटण चिकटलं."

ज्योत्स्नानं मला त्याच्या हातातून घेतलं. डावं बटण दाबलं. टिक. परत दाबलं. टिक. "चांगलं आहे की रे," ती म्हणाली आणि त्याच्याकडं बघितलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग ती म्हणाली, "बरं." तिची 'बरं' म्हणायची एक पद्धत होती. त्यात सगळं यायचं.

अक्काबाईला मात्र तेवढंच पुरलं. "तरी मी म्हणत होते, खेकडं बिघडलेलं हाय. साहेब काय चांगली वस्तू देतो व्हय कुणाला!" हिरवा कागद मिरवणारी मी, एका पोराच्या एका वाक्यानं बिघडलेली ठरले. मला वाईट वाटलं. पण म्हटलं, लहान आहे, लहान खोटं आहे, विरून जाईल. चुकले मी. खोटं लहान असलं तरी ते घरात राहतं. आणि गरज लागली की बरोबर सापडतं.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. ज्योत्स्नाचं प्रॅक्टिकल चारपर्यंत. अक्काबाई आणि मीना पिठाच्या गिरणीत भाजणी दळायला गेलेल्या. रविराज एकटा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कारभारीनं कंपनीच्या भंगारातून त्याला एक मोठा गोल लोहचुंबक आणून दिला होता, मोठ्या स्पीकरमधून निघालेला. गेम चालू होता. रविराजनं मला मांडीवर ठेवलं आणि तो चुंबक सहज टीव्हीच्या काचेजवळ नेला.

मित्रांनो, काय रंग उठले म्हणून सांगू! निळोबाचं पांघरूण जांभळं झालं, आभाळ पोपटी झालं, सगळं भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. रविराज खुश. त्यानं चुंबक काचेला टेकवून गोल गोल फिरवला. मग लांब नेला. रंग फिरायचे थांबले, पण गेले नाहीत. उजव्या कोपऱ्यात ताटाएवढा हिरवा-जांभळा डाग तसाच राहिला. त्यानं टीव्ही बंद करून चालू केला. डाग तिथंच. ओल्या फडक्यानं पुसला. डाग तिथंच. गिरणीतून येणाऱ्या बायकांचा आवाज ऐकू आला तसा त्यानं चुंबक दप्तराच्या तळाशी टाकला.

संध्याकाळी अक्काबाईनं तिची मालिका लावली. मालिकेतल्या सुनेचा अर्धा चेहरा हिरवा.

"अगं बाई, हिला काय झालं?" मग तिच्या लक्षात आलं. तिनं पितळेचा मोर उचलला, रुमाल उचलला, जसा काही डाग त्यांच्याखाली असणार होता. "गेली! माझी ट्यूब गेली!"

कारभारी कामावरून नुकताच आलेला. तो टीव्हीसमोर उकिडवा बसला, बोट लावून बघितलं. मग वळून म्हणाला, "रवी, दुपारी तू होतास ना घरी? काही केलंस का?"

मी रविराजच्या हातात होते. माझी वायर गुंडाळायचं निमित्त करून त्यानं मला घट्ट धरलं होतं. टीव्ही बंद होता, तरी मला पिवळी पट्टी दिसली. त्या खोलीत, सगळ्यांच्या डोक्यावर. सरसर कमी होत चाललेली. अंगठा डाव्या बटणावर. गार. दाब रे, मी म्हणत होते, दाब की, तुझा बाप आहे, खाणार नाही तुला.

तो गप्प बसला.

आणि पट्टी संपल्यावर गोष्ट आपोआप पुढं जाते, तशी ती गेली. अक्काबाईच बोलली, "त्याला काय इचारतो? त्यानं तवाच सांगितलं होतं, खेकडं बिघडलंय म्हणून. ही पोरगी म्हणाली, चांगलं आहे. ही लावत राहिली. बिघाड वायरीतून चढला टीव्हीत!"

"आजी, बटण खरंच चांगलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. ती नुकतीच कॉलेजातून आली होती, हातात अजून प्रॅक्टिकलची वही. तिला चुंबकाचं काही माहीत नव्हतं. तिनं फक्त बटणापुरतं रविराजकडं बघितलं. "रव्या, सांग ना."

रविराज वायर गुंडाळत राहिला.

"बरं," ती म्हणाली.

मीनानं धीर केला. "आई, टीव्हीपायी पोरीच्या कॉलेजचं..."

"टीव्हीपायी नाय गं. शिकायला आली आन् खेळात गुतली. उद्या नापास झाली तर कुसा मला इचारंल. माझंच चुकलं, मीपण बसले बघत." अक्काबाईचा राग अर्धा स्वतःवर होता, म्हणून तर तो दुप्पट झाला. "दिवाळीला जाते ना गावाला? तिथंच ऱ्हाऊ दे. तिकडच्या कॉलेजात आर्ट का काय असतं ते करंल."

कारभारी आईपुढं बोलला नाही. त्या घरात त्या दिवशी बोलणारे कमीच होते.

ज्योत्स्ना पेटी भरून गेली. डिक्शनरी तेवढी रविराजच्या टेबलावर ठेवली. "माझ्याकडं आता हिचं काय काम," असं म्हणाली. रागानं नाही, साधं. रविराजला ते रागापेक्षा जास्त लागलं असावं, कारण दिवाळीत त्यानं फटाक्यांना हात लावला नाही.

मेकॅनिक बोलवायचं कारभारी दोनदा म्हणाला. अक्काबाई म्हणाली, ट्यूब गेल्यावर तो काय जीव घालणार आहे? मेकॅनिक टीव्ही उघडतात आणि आतलं चांगलं काढून घेतात, असाही तिचा समज होता. त्यामुळं मालिकेतली सून हिरवीच राहिली. मला मोरीजवळच्या फळीवर ठेवलं, साबणाच्या शेजारी. कॉलेज उघडायला चार दिवस राहिले होते.

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. रविराजनं मला फळीवरून काढलं, पुसलं आणि टीव्हीला लावलं. डागाखाली निळोबा जांभळा दिसत होता. गेम शेवटाला आलेला. निळोबा घरी गेला. बंद दार उघडलं. आई समोर बसली आणि बोलू लागली. आता वाचून सांगायला कुणी नव्हतं. रविराजनं गेम जागीच थांबवला, डिक्शनरी मांडीवर घेतली आणि एकेक शब्द काढायला बसला. बोट पानावरून फिरवत, ओठ हलवत. आईचं वाक्य त्याला पाऊण तासानं लागलं. "मी विचारलं तेव्हा गप्प का बसलास?"

गेम विसरला नव्हता. मी सांगितलं ना तुम्हाला.

खालची दोन वाक्यं लावायला आणखी वेळ गेला. उजवीकडं, मला वेळ नव्हता. डावीकडं, मी घाबरलो होतो. रविराज तो 'घाबरलो' शब्द डिक्शनरीत बघून झाल्यावरही बघत राहिला. मग त्यानं गेम चालू केला. पट्टी धावू लागली. अंगठा डाव्या बटणावर आला. गार होता, पण आला. आणि दाबला.

टिक.

आईनं ताट पुढं ओढलं आणि त्याच्यावरचं झाकण काढलं.

मागं अक्काबाई उभी होती. भाजीची पिशवी हातात, चपलाही काढल्या नव्हत्या. ओरडायला तोंड उघडलेलं, पण ताट बघून मिटलं. मग म्हणाली, "काय सांगितलं त्यानं आईला?"

"मी घाबरलो होतो, असं."

"आन् ती?"

"वाढतीये."

"वाढणारच. आई हाय ती."

रविराज मला हातात घेऊनच उठला. दप्तर उघडलं. चुंबक काढून अक्काबाईसमोर ठेवला. "आजी, डाग यानं पडला. मीच लावला. ताई नव्हती घरी."

अक्काबाई चुंबकाकडं बघत राहिली. मी तिच्या तोंडून काय काय ऐकलंय, त्यामुळं आता घर डोक्यावर घेणार असं मला वाटलं. ती खाली बसली. भाजीची पिशवी मांडीवर धरून बसली. "आन् मी त्या पोरीला काय काय बोलले," एवढंच म्हणाली. मग उठली. "चल. पायात घाल."

"कुठं?"

"कुसाकडं. मला सांगितलं तसं तिथं सांगायचं. सगळ्यांपुढं. ते खेकडंबी घे संगं. आळ त्याच्यावरबी होता."

मित्रांनो, माझ्यासाठी त्या बाईच्या तोंडून आलेला तो एकच चांगला शब्द. मी तो जपून ठेवलाय.

आम्ही एसटीनं गेलो. ज्योत्स्ना द्राक्षाच्या बागेत वेलीवरचे जादा फुटवे खुडत होती. बोटं चिकानं काळी झालेली. कुसाबाई आणि आणखी दोघी बायका ओळीत होत्या. रविराजनं त्या सगळ्यांपुढं सांगितलं. चुंबकाचं सांगितलं, दप्तराचं सांगितलं, गप्प बसल्याचं सांगितलं. आवाज चिरकला, पण थांबला नाही. मी त्याच्या हातात होते. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

अक्काबाई नातीजवळ गेली. माफी हा शब्द त्या बाईला येत नव्हता. तिनं ज्योत्स्नाचे काळे हात आपल्या पदरानं पुसले आणि म्हणाली, "सोमवारी कॉलेज उघडतंय ना? पेटी भर."

ज्योत्स्ना लगेच हसली नाही. रविराजला म्हणाली, "डागाचं मला काही नाही रे. पण तू बोलशील म्हणून मी वाट बघत होते. गाडीत बसेपर्यंत."

रविराज खाली बघत होता.

"आणि बटण?" तिनं विचारलं.

आता बघा हं. एवढं सगळं सांगून झालेलं, पाच जणांपुढं रडून झालेलं, उरलं होतं ते एवढंसं. तर हा म्हणाला, "ते... ते खरंच चिकटतं कधीकधी."

ज्योत्स्ना तेव्हा हसली. "बरं," म्हणाली.

सोमवारी ती कॉलेजात गेली. कारभारीनं गोटीराम मेकॅनिकला बोलावलं. त्यानं टीव्ही उघडलासुद्धा नाही. तारेचं एक मोठं कडं आणलं, काचेसमोर गोल गोल फिरवलं, फिरवत मागं मागं सरकला. डाग गेला. पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. अक्काबाई म्हणाली, "मला अजून दिसतो थोडा." गोटीराम म्हणाला, "आजी, मग तो टीव्हीत नाही." ती त्याच्यावर रागावली, पण चहा केला.

पुढची वर्षं माझ्या निवृत्तीची. रविराजची दहावी आली, मग घरात कॉम्प्युटर आला. माझी वायर माझ्याच गळ्याशी आवळून मला बुटांच्या खोक्यात घातलं. माळ्यावर दोन पावसाळे काढले. मुलांनो, धुळीचं मला काही वाटत नाही. पण वस्तू ठेवताना वायर सैल गुंडाळा, दोन महिन्यांनी एकदा काढून फडक्यानं पुसा. एवढं केलं की आम्ही पुष्कळ टिकतो. आणि आमच्या अंगावर नसलेला बिघाड लावू नका. धूळ पुसता येते. नाव पुसून स्वच्छ करायला आम्हाला हात नाहीत.

तर परवाचं सांगत होते. 'खराब आहे' म्हटल्यावर दुसरं कुणी गेलं असतं. हर्षाली गेली नाही. तिनं मला उचललं, वायर सोडवली आणि डावं बटण दाबलं. टिक. परत दाबलं. टिक. टिक. टिक.

"दादा, हे तर चांगलंय की."

आतल्या खोलीत ज्योत्स्ना अभ्यास करत होती. ती आता बीएस्सीला आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिवस दिवस असते. ती उठून दारात आली. नुसती चौकटीला टेकून उभी राहिली. अक्काबाई पाटावर लसूण सोलत होती, तीही थांबली. हर्षालीच्या हट्टापायी रविराजनं माळ्यावरून गेमचा डबा काढला, टीव्हीला लावला, निळोबा आला. हर्षालीनं मला रविराजच्या हातात दिलं. "तूच दाबून दाखव कसं चिकटतं ते."

अंगठा डाव्या बटणावर आला. गार.

"हर्षाली," रविराज म्हणाला, "ती खराब नाहीये." मग त्यानं वर बघितलं, दाराकडं. "ताई, बटण तेव्हाही चिकटलं नव्हतं. मीच दाबलं नाही."

ज्योत्स्ना 'बरं' म्हणाली नाही. "माहीत होतं रे," म्हणाली, आणि आत जाऊन वही उघडून बसली.

त्यानं बटण दाबलं. टीव्हीवर कुठंतरी पूल कोसळला, माझ्या पोटातली मोटर फिरली आणि इतक्या दिवसांनी मला जीभ फुटली. त्याच्या दोन्ही तळव्यांत मी कडकडून थरथरले आणि म्हणाले,

"रविराज, पास झालास. पण चार वर्षं लागली. पहिल्या फटक्यात पास झालेली या घरात मी एकटीच आहे, हे विसरू नकोस. आता दे मला त्या पोरीच्या हातात, आणि वायर आवळू नको."